घरच्या संगणकाचा पासवर्ड बंद करावा का? (एक अनुभव आणि सोप्या पायऱ्या)



मागच्या पालकसभेत हजेरी, पोषण आहार, वाचनाचा सराव असे नेहमीचे विषय झाले. सभा संपता संपता एका आईने वेगळाच प्रश्न विचारला. "मॅडम, पोरांसाठी जुना कम्प्युटर घेतलाय. पण चालू केला की दर वेळी पासवर्ड मागतो. पासवर्ड फक्त यांनाच माहीत आणि हे दिवसभर कारखान्यावर. पोरं ताटकळत बसतात. ते पासवर्ड मागणं कायमचं बंद करता येतं का?"

मागे बसलेल्या तीन-चार पालकांनीही माना डोलावल्या. म्हणजे ही अडचण एका घरची नाही. म्हणून आजचा पाठ याच विषयावर.

एका ओळीत उत्तर द्यायचं तर, हो, बंद करता येतं. दहा मिनिटांचं काम आहे. पण ते दहा मिनिटांचं काम मी स्वतः दोन वर्षांपूर्वी घाईघाईत केलं आणि त्याची किंमत माझ्या वर्गातल्या एका मुलाने मोजली. त्यामुळे आधी काय घडलं ते सांगते आणि मग पायऱ्या सांगते. कृपया थेट पायऱ्यांवर उडी मारू नका.

माझ्या घरी काय झालं

मी राहुरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. आमच्या घरी एकच संगणक. तो बैठकीच्या खोलीत टेबलावर. त्यावर माझी दोन मुलं अभ्यास करतात, चित्रं काढतात. सासऱ्यांना कीर्तनं ऐकायची असतात. आणि रात्री जेवणं उरकल्यावर मी शाळेची कामं करते. ऑनलाइन माहिती भरणं, गुणतक्ते, वर्गाच्या नोंदी.

आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. लाईट गेली की संगणक बंद, आली की पुन्हा चालू आणि पुन्हा पासवर्ड. मी स्वयंपाकघरात असायचे आणि बाहेरून हाक यायची, "आई, पासवर्ड!" शेवटी मी तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला. कुलूपही दाराला आणि किल्लीही दाराला! मग वाटलं, एवढं करायचं तर पासवर्ड हवाच कशाला? एका रविवारी मी तो काढून टाकला. घरात सगळे खूश.

शेजारचा एक सातवीतला मुलगा आमच्याकडे गेम खेळायला यायचा. चांगला मुलगा आहे. गेम शोधता शोधता त्याने डी ड्राइव्ह उघडला. तिथे माझं 'वर्गनोंदी' नावाचं फोल्डर होतं. त्यात प्रत्येक मुलाबद्दल मी माझ्यासाठी लिहून ठेवलेलं. कोणाला कशात मदत हवी, कोणाच्या घरी काय अडचण आहे. एका मुलाच्या नावापुढे लिहिलं होतं की जोडाक्षरं वाचता येत नाहीत, दुसरीच्या पातळीपासून पुन्हा सुरुवात करावी, घरी अभ्यास घेणारं कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्या मुलाला ऐकावं लागलं, "बाईंच्या कम्प्युटरात तुझं नाव ढ म्हणून लिहिलंय."

मी 'ढ' असं कुठेही लिहिलं नव्हतं. पण तोंडातोंडी गेलेली गोष्ट तशीच पोहोचते. तो मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी मी वस्तीवर त्याच्या घरी गेले. आई खुरपणीला गेली होती. तो दारात बसला होता. त्याने मला एकच विचारलं, "बाई, तुम्ही खरंच लिहिलंय का?"

काय उत्तर देणार? नोंद खरी होती, हेतूही चांगला होता, पण ती त्याच्यापर्यंत ज्या रस्त्याने गेली तो रस्ता मी उघडा ठेवला होता. शेजारच्या मुलाला मी रागावले नाही. उघड्या घरात पोरं शिरणारच. चूक माझी होती.

पासवर्ड आला कुठून?

थोडा इतिहास सांगते, कारण त्यातच आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

संगणकाचा पासवर्ड जन्माला आला तो चोरांच्या भीतीने नव्हे, तर एकाच यंत्रावर अनेक माणसं काम करत होती म्हणून. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत तयार केली. तिच्यामुळे एका मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करू शकत. मग माझी फाइल कोणती, तुझी कोणती आणि कोणी किती वेळ संगणक वापरला, हे वेगळं कसं ठेवायचं? त्यासाठी प्रत्येकाला पासवर्ड दिला. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी तिथल्या एका संशोधक विद्यार्थ्याने, अ‍ॅलन शेर याने, सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. कारण काय, तर त्याला ठरवून दिलेला वेळ पुरत नव्हता!

पुढे संगणक घरोघरी आला, तेव्हा तो एका माणसाचा झाला. १९८१ सालचा आयबीएमचा पीसी चालू केला की काहीही न विचारता सुरू व्हायचा. विंडोज ९५ पासवर्ड मागायचं खरं, पण एस्केपचं बटण दाबलं की सरळ आत जाता यायचं. एमएससीआयटीच्या वर्गात जुन्या मशीनवर बसलेल्यांना हे आठवत असेल. विंडोज एक्सपी मध्ये नावावर क्लिक केलं की झालं, पासवर्ड ठेवलाच पाहिजे असं नव्हतं.

मग आता नवा संगणक एवढा आग्रह का धरतो? कारण २०१२ च्या विंडोज ८ पासून संगणकाचं खातं आपल्या इंटरनेटवरच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलं जाऊ लागलं. म्हणजे ती किल्ली आता फक्त घरच्या पेटीची राहिली नाही. तिनेच ईमेल आणि इंटरनेटवर ठेवलेल्या फाइलीही उघडतात.

थोडक्यात काय, तर एक यंत्र आणि अनेक माणसं ही १९६१ ची परिस्थिती आज आपल्या बैठकीच्या खोलीत आहे. म्हणून 'पासवर्ड हवा की नको' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. खरा प्रश्न असा, की कोणाच्या खात्याला हवा आणि कोणाच्या खात्याला नको?

शनिशिंगणापूरची गोष्ट

आमच्या राहुरीतून रोज कितीतरी गाड्या शिर्डीहून शनिशिंगणापूरला जातात. शेजारच्या नेवासा तालुक्यातलं हे गाव घरांना दारं नसल्याबद्दल जगभर प्रसिद्ध आहे. मुलांना मी नेहमी विचारते, "तिथे दार नाही म्हणजे काहीच नाही का?" ज्यांनी गाव नीट पाहिलंय ती मुलं सांगतात, "नाही बाई, पडदा असतो." कुठे कुत्री शिरू नयेत म्हणून फळीही लावलेली असते.

जानेवारी २०११ मध्ये तिथे युको बँकेने शाखा काढली. बिनकुलपाची बँक म्हणून तिच्या बातम्या झाल्या. पण त्याच बातम्यांत हेही होतं की रोकड सुरक्षित ठेवण्याची काळजी बँकेने घेतली आहे. दर्शनी दाराला दिसणारं कुलूप नाही, पण पैसे टेबलावर पसरून ठेवलेत असंही नाही. २०१५ साली गावात पोलीस ठाणंही सुरू झालं.

आपल्या संगणकाचंही असंच करायचं आहे. दर्शनी दार मुलांसाठी मोकळं आणि आतली तिजोरी बंद.

बंद करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा

१. या संगणकापाशी कोण कोण येतं? फक्त घरचे, की शेजारची मुलं, पाहुणे, शिकवणीला येणारी मुलंही?

२. आत काय आहे? नुसती गाणी आणि चित्रं, की शाळेचे गुणतक्ते, मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक? ब्राउझरमध्ये यू-डायस, शालार्थ यांचे पासवर्ड साठवलेले आहेत का? बँकेचं खातं त्यावर उघडता का? व्हॉट्सअ‍ॅप वेब चालू असतं का?

३. हा संगणक घराबाहेर जातो का? टेबलावरचा डेस्कटॉप जात नाही. पण लॅपटॉप एसटीत विसरू शकतो, दुरुस्तीला जातो, चोरीला जातो.

उत्तरं 'फक्त घरचे, नुसती गाणी, बाहेर जात नाही' अशी असतील तर बिनधास्त बंद करा. पालकसभेत विचारणाऱ्या ताईंच्या घरी बहुधा असंच आहे. पण तुम्ही शिक्षक असाल आणि शाळेचं काम घरी करत असाल, तर तुमच्या खात्याचा पासवर्ड काढू नका. मुलांसाठी वेगळं खातं करा. ते कसं करायचं हे पुढे सांगते आहे. आणि शाळेतल्या संगणकाचा पासवर्ड कधीच काढू नका. ती मशीन आपली नाही आणि आतली माहितीही आपली नाही.

लॅपटॉपच्या बाबतीत तर मी सरळ नाहीच म्हणेन.

तीन वेगळ्या गोष्टी, ज्यांची आपण गल्लत करतो

'पासवर्ड बंद करणं' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन निरनिराळी कामं असतात.

पहिलं, संगणक झोपेतून उठल्यावर पासवर्ड मागतो ते बंद करणं. आपण चहा घेऊन आलो की स्क्रीन काळी झालेली असते, ते हे.

दुसरं, संगणक सुरू होताना विचारणं बंद करणं. यात पासवर्ड असतोच, फक्त संगणक तो स्वतःच भरून आत जातो. किल्ली दारातच लावून ठेवल्यासारखं.

तिसरं, पासवर्डच काढून टाकणं. म्हणजे कुलूपच उतरवून ठेवणं.

दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक आहे. क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड कोणी उघडून बघायला गेलं तर क्रोम विंडोजचा पासवर्ड मागतं. दुसऱ्या प्रकारात तो मागितला जातो. तिसऱ्या प्रकारात मागायला पासवर्डच नसतो, त्यामुळे सगळी यादी समोर येते. पण एक लक्षात ठेवा, एखाद्या वेबसाइटवर आपोआप भरला जाणारा पासवर्ड दोन्ही प्रकारांत भरला जातो. म्हणजे तुमच्या खात्यात शिरलेला माणूस तुमच्या नावाने शाळेचं पोर्टल उघडू शकतो.

पायऱ्या (विंडोज १० आणि ११ साठी)

*अ) झोपेतून उठल्यावर विचारणं बंद करणं*

१. स्टार्टवर क्लिक करून सेटिंग्ज उघडा.
२. अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स.
३. तुम्ही बाजूला गेल्यावर विंडोजने पुन्हा साइन-इन कधी मागावं, असा इंग्रजी प्रश्न दिसेल. त्यापुढे 'नेव्हर' निवडा.
४. स्क्रीन सेव्हर लावलेला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये परत येताना लॉगिन दाखवण्याची चौकट असते. तिथली टिक काढा.

पुष्कळ घरांत एवढ्याने काम भागतं. सकाळी एकदा कोणीतरी मोठ्या माणसाने पासवर्ड टाकला की दिवसभर पुन्हा विचारणा नाही.

*ब) सुरू होतानाचं विचारणं बंद करणं*

१. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल.
२. तिच्यात एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही आठ इंग्रजी अक्षरं सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा.
३. या संगणकावरच्या सगळ्या खात्यांची यादी दिसेल. ज्या खात्यात थेट जायचं आहे ते निवडा.
४. वरच्या बाजूला, वापरणाऱ्याने नाव आणि पासवर्ड दिलाच पाहिजे अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यापुढे टिक असते. ती काढा आणि अप्लाय दाबा.
५. त्या खात्याचा पासवर्ड दोनदा विचारेल. तो भरा आणि ओके करा. संगणक बंद करून पुन्हा चालू करून पाहा.

इथे दोन ठिकाणी लोक अडतात. एक म्हणजे, पासवर्डच्या जागी चार अंकी पिन भरतात. मग संगणक सुरू होताना पासवर्ड चुकला असं सांगतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्याचाच पूर्ण पासवर्ड इथे लागतो. दुसरं, चौथ्या पायरीतली टिकेची चौकट दिसतच नाही. तसं असेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे जा. मायक्रोसॉफ्ट खात्यांसाठी फक्त विंडोज हॅलो वापरायचं असं सांगणारं एक बटण असतं. ते बंद करा आणि ती यादी पुन्हा उघडा. हे बटण सुरू असलं की जुनी चौकट लपते.

पुढे कधी त्या खात्याचा पासवर्ड बदललात तर ही पाचही कामं पुन्हा करावी लागतात.

*क) मुलांसाठी बिनपासवर्डचं वेगळं खातं करणं*

मी आता हेच करते आणि तुम्हालाही हेच सुचवते.

१. सेटिंग्ज, अकाउंट्स, त्यात अदर युजर्स. विंडोज १० मध्ये फॅमिली अँड अदर युजर्स असं दिसेल.
२. अ‍ॅड अकाउंट दाबा. ईमेल विचारेल. तो न भरता, या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही, अशा अर्थाच्या ओळीवर क्लिक करा.
३. पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा, अशा अर्थाची ओळ निवडा.
४. नाव द्या. आम्ही 'घर' असं दिलंय. पासवर्डची जागा रिकामी सोडा आणि नेक्स्ट दाबा.

झालं. हे खातं आपोआप साध्या प्रकारचं, म्हणजे स्टँडर्ड असतं. त्यातून मुलांना गेम खेळता येतो, यूट्यूब पाहता येतं, चित्र काढता येतं. पण संगणकाची महत्त्वाची सेटिंग्ज बदलता येत नाहीत आणि तुमच्या खात्यातली कागदपत्रं उघडता येत नाहीत.

आता वरच्या 'ब' मधल्या पायऱ्या तुमच्या स्वतःच्या खात्यातून करा, फक्त तिसऱ्या पायरीत 'घर' हे खातं निवडा आणि पासवर्डची जागा रिकामीच ठेवा. यापुढे संगणक चालू केला की काहीही न विचारता 'घर' उघडेल. लाईट दहा वेळा गेली तरी हाक मारायला नको. तुम्हाला काम करायचं असेल तेव्हा स्टार्टमध्ये नावावर क्लिक करून स्वतःच्या खात्यात जा. त्याला पिन ठेवा. पिन त्या एकाच मशीनवर चालतो, त्यामुळे तो कोणाला कळला तरी घराबाहेरून तुमचं ईमेल त्याने उघडता येत नाही. काम झालं की विंडोजचं बटण आणि एल दाबून कुलूप लावा. ही एक सवय मात्र स्वतःला लावावी लागते. मला साधारण महिना लागला.

*ड) पासवर्डच पूर्ण काढणं*

खातं मायक्रोसॉफ्टचं नसेल, स्थानिक असेल, तर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, पासवर्ड, चेंज. जुना पासवर्ड द्या आणि नव्याची जागा रिकामी सोडा. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड असा रिकामा ठेवता येत नाही. हा मार्ग फक्त त्या घरांसाठी, जिथे तिन्ही प्रश्नांची उत्तरं निर्धास्त आली आहेत.

उबुंटू वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये युजर्स इथे जाऊन ऑटोमॅटिक लॉगिन सुरू करावं. मॅकवर फाइलव्हॉल्ट सुरू असेल तर आपोआप लॉगिन होत नाही. तिथे चोरीपासूनचं संरक्षण आणि ही सोय यांपैकी एक निवडावं लागतं.

ही काळजी नक्की घ्या

डी ड्राइव्ह तपासा. आपल्याकडे संगणक घेताना दुकानदार बहुतेक वेळा डिस्कचे दोन भाग करून देतात आणि "महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा, विंडोज पुन्हा टाकली तरी जाणार नाही" असं सांगतात. सल्ला चांगला आहे, पण डी ड्राइव्ह साधारणपणे सगळ्या खात्यांना उघडा असतो. माझी वर्गनोंद तिथेच होती. म्हणजे मी त्या वेळी मुलांना वेगळं खातं करून दिलं असतं, तरी ती फाइल दिसलीच असती! मुलांची माहिती असलेल्या फाइली तुमच्या स्वतःच्या खात्यातल्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा.

जुना संगणक घेतला असेल तर 'ब' मधली खात्यांची यादी नीट वाचा. 'अ‍ॅडमिन' किंवा दुकानाच्या नावाचं एखादं खातं बिनपासवर्डचं पडलेलं असतं. ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रकारचं असेल तर त्यातून तुमचं सगळं उघडता येतं. त्याला पासवर्ड द्या किंवा काढून टाका.

लॉगिनचा पासवर्ड म्हणजे डिस्कचं कुलूप नव्हे. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर फाइली वाचता येतात. ते टाळायचं असेल तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी लागते. नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केल्यावर बऱ्याचदा ती आपोआप होते आणि तिची रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. म्हणून त्या खात्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. लिहून ठेवणं वाईट नाही, मॉनिटरला चिकटवणं वाईट आहे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा जुन्या मशीनवर बँकेची कामं करू नका. आणि कधी पैशांची ऑनलाइन फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी वेगळ्या, कडक तरतुदी आहेत. पण कायदा नसता तरी आपण एवढं करायलाच हवं. पालक आपल्याला मुलाचा आधार क्रमांक देतात, घरची परिस्थिती सांगतात, ते आपल्यावर विश्वास ठेवून.

वर्गात घ्यायचा छोटा उपक्रम (तिसरी-चौथी)

साहित्य म्हणून एक रिकामी पेटी, एक छोटं कुलूप आणि वीस चिठ्ठ्या पुरतात.

चिठ्ठ्यांवर लिहा: माझं आवडतं फळ, माझ्या मैत्रिणीचं गुपित, आईचा फोन नंबर, मी काढलेलं चित्र, माझे परीक्षेतले गुण, आमच्या गायीचं नाव, घराची किल्ली कुठे ठेवतो, एटीएमचा पिन. प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी उचलायची आणि ठरवायचं की ती फळ्यावर लावायची की पेटीत टाकायची. आणि का, तेही सांगायचं.

'माझे परीक्षेतले गुण' या चिठ्ठीवर माझ्या वर्गात मोठा वाद झाला. चांगले गुण मिळवणाऱ्या मुली म्हणाल्या फळ्यावर लावा. मग एक जण हळूच म्हणाला, "ज्याचे गुण त्याला विचारा." मला शिकवायचं होतं ते त्यानेच शिकवलं.

शेवटी मुलांना विचारा, तुमच्या घरी पासवर्ड कोणाला माहीत असतो? एकमेकांचे पासवर्ड वाटणं म्हणजे मैत्री नव्हे, हे याच वयात कळलं तर पुढे मोबाइल हातात आल्यावर उपयोगी पडतं.

आणि तो मुलगा?

त्या दिवशी मी त्याच्या दारात बसून त्याला खरं सांगितलं. "हो, तुला जोडाक्षरं येत नाहीत असं मी लिहिलंय. कारण मला ती तुला शिकवायची आहेत. पण ते दुसऱ्याने वाचायला नको होतं. ते मी नीट ठेवलं नाही. माझं चुकलं." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आला. जोडाक्षरांना पुढे चार-पाच महिने लागले, पण आली.

त्यानंतर मी माझ्या नोंदी लिहिण्याची पद्धतही बदलली. आता प्रत्येक मुलाच्या पानावर आधी त्याला काय येतं ते लिहिते आणि मग पुढे काय शिकवायचं ते. फाइल माझ्या खात्यात, पिनच्या आत असते. तरीही लिहिताना मनात हेच असतं, की समजा उद्या त्याने स्वतः हे वाचलं, तर?

पालकसभेतल्या त्या ताईंना मी 'क' मधल्या पायऱ्या कागदावर लिहून दिल्या. त्यांच्या मोठ्या मुलीने त्या वाचून स्वतः 'घर' नावाचं खातं तयार केलं. आता वडील कारखान्यावरून येईपर्यंत वाट पाहावी लागत नाही आणि वडिलांच्या खात्यातली बँकेची आणि उसाच्या बिलांची कागदपत्रंही आपल्या जागी सुरक्षित आहेत.

तुम्ही हे करून पाहिलंत तर कसं झालं ते नक्की कळवा. एखाद्या पायरीवर अडलात तर तुमचं विंडोज कितवं आहे तेवढं लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल. आणि मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर आजच काढून टाका.